मालकिणीचा पासवर्ड

फोन उचलायले तुझा हात दुखते का? शेजारपाजारच्या फोनवरून लावून पाहिलं. माझा आवाज आला की कट. या वयात पेन धरायची पाळी आणली तू माझ्यावर. डोळ्यांतून पाणी गळून राह्यलं; ते मोतीबिंदूचं आहे, दुसरं काही समजू नको.

जऊळका,
संक्रांतीनंतरचा मंगळवार

सौ. वर्षाराणीस आशीर्वाद. तुझ्या आईबापाले नमस्कार सांग. इकडे सगळे खाऊन-पिऊन आहेत. तूर निघाली. हरभऱ्यावर अळी आहे. म्हैस आटली.

काम तुझ्या रीताचं आहे. बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आली. कॉलेजात कॉम्प्युटर कमी आन् पोरी जास्त, म्हणून मास्तरनं सांगितलं, पायथन नावाची भाषा घरच्या कॉम्प्युटरवर टाकून घ्या, प्रोग्राम घरीच करून पाहा. दिवाळीत तू माहेरी गेली तवापासून या घरात माणूस माणसाशी बोलत नाही, आन् ही मशीनले भाषा शिकवायले बसली. माझ्या इंद्रभाननं आपल्या मोबाइलचं नेट दिलं. फाइल उतरली. उघडायले गेली तर पडद्यावर चौकट आली: मालकाचा पासवर्ड टाका. खाली तुझं नाव.

तुझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा काय टाकलं असेल? स्वतःचं नाव. मशीननं हाकललं. मग रीताचं टाकलं. मग लग्नाची तारीख. ती चुकीची होती, मी सांगितली तवा दुरुस्त केली, तरी नाही. माझं नाव टाक असं मी म्हटलं नाही. तेवढी अक्कल मले आहे.

रीताले म्हटलं, आईले विचार. "गेली ती गेली," म्हणे. पण तुझ्या खुर्चीवर बसत नाही. स्टूल ओढते आन् मान वर करून टाइप करते. सकाळच्या भाकरी तीच टाकते. आधी मी टाकत होती, आता पिठात हात चालत नाही. हे तुले लिहायचं नव्हतं.

इंद्रभान त्या चौकटीसमोर लय वेळ बसला. मी म्हटलं, "पाहून घे. तिले विचारल्याशिवाय पुढे जात नाही, असं या घरात हे एकच होतं." माझी बायको दुकान टाकून लोकांचे फॉर्म भरणार नाही, असं चारचौघांत म्हणणारा तो, उठला आन् ढोराले पाणी दाखवायले गेला.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याकडची खोली रिकामी करायले लावली. सोयाबीनचे कट्टे मधल्या घरात आले, आमी आता कट्ट्यांतून वाट काढत चालतो. घर माझ्या नावावर आहे, म्हणून त्याले विचारलं नाही. पण कट्टे त्यानंच उचलले. तुझं टेबल नेताना पाय घासू नये म्हणून खाली पोतं घातलं. तोंडानं माफी मागणं त्याले जमणार नाही, त्याची वाट पाहू नको. दुकानाच्या बोर्डावर काय लिहायचं ते तू ठरव.

शेजारची धुरपताबाई उद्या लेकीकडे तुमच्या रिसोडले येऊन राह्यली, तिच्या हाती ही चिठ्ठी देते. पासवर्ड लिहून पाठवू नको. तो तुझा आहे, तुझ्या बोटानं टाक. यायचं नसेल तर तसं सांग. मी रीता आन् कॉम्प्युटर दोन्ही घेऊन एसटीत बसते आन् तुझ्यापाशी आणून सोडते. पोरीची परीक्षा बुडू देणार नाही.

पण हो का नाही, ते तुझ्या तोंडून पाहिजे. भावानं फोन करायचा नाही, बापानं निरोप धाडायचा नाही. थकली मी मधल्या माणसांले. तुले विचारलं आहे, उत्तर तू दे.

मनकर्णाबाई