राहणार मौजे चिचटोला

सुरुवात अल्लाहच्या नावाने, जो अतिशय दयाळू व कृपाळू आहे.

हा कागद लिहिणार याकूब वल्द चांदमिया पिंजारी, वय चोवीस, धंदा कापूस पिंजून गाद्या भरणे, मुसाफिर, हल्ली मुक्काम मौजे चिचटोला, तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा. कापसाच्या धुळीने माझी छाती खराब झाली आहे व ती आता सुधारणार नाही, असे डॉक्टरने शेजारच्या गुणाबाईला सांगितले. मला सांगितले नाही, पण आमची भिंत कुडाची आहे, ऐकू येते. डोके ठिकाणावर आहे. पडल्या पडल्या लिहितो म्हणून अक्षर वाईट आले आहे, परंतु ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले आहेत. कोणी जबरदस्ती केलेली नाही. वर 'मुसाफिर' हा शब्द का घातला, ते शेवटी लिहिले आहे.

गावात मुसलमानाचे घर एकच, आणि बाबा गेल्यापासून त्या घरात माणूस एकच, तो मी. गाढवी नदीला पूर आहे, डोंगा बंद आहे, वडशाहून कोणी येऊ शकत नाही. पाऊस उघडेपर्यंत मी टिकणार नाही. म्हणजे माझी माती गावालाच करावी लागेल, आणि गावाला आमची रीत माहीत नाही. म्हणून हा कागद शाळेच्या गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवावा. पाणी उतरल्यावर तोच वडशाच्या मशिदीत वाचावा, माझा भाऊ सुलेमान तिथे हजर असताना.

कलम पहिले. मी मुसलमान आहे.

हे लिहावे लागते, कारण मागच्या ईदेला नमाज झाल्यावर सुलेमानने चारचौघांत मला विचारले, "तेरे को मुसलमान कौन बोलता रे? जंगल में रह के आधा गोंड हो गया. तेरी गवाही कौन देगा?" लोक हसले. मी शिरखुर्मा न खाता पायी परत आलो. तेव्हापासून माझ्या कानात तोच सवाल आहे.

आमच्या धर्माचा पहिला पाया ग्वाहीच आहे. मी ग्वाही देतो की अल्लाहशिवाय कोणी पूजेच्या लायक नाही, आणि महंमद त्याचे पाठवलेले पैगंबर आहेत. एवढे मनापासून म्हणणारा मुसलमान होतो. शाळेत 'अल्ला' असे शिकवले होते, पण बाबा शेवटचा 'ह' श्वासाने सोडत, म्हणून मी 'अल्लाह' लिहितो. आता तो 'ह' म्हणताना मला खोकला येतो.

अल्लाह एक आहे. त्याला आईबाप नाहीत, लेकरे नाहीत, त्याची मूर्ती नाही. त्याचे फरिश्ते आहेत, ते दिसत नाहीत. आदम, नूह, इब्राहिम, मूसा, ईसा असे पुष्कळ पैगंबर त्याने पाठवले, त्यांतल्या काहींबरोबर किताबा पाठवल्या. शेवटचे पैगंबर महंमद व शेवटची किताब कुराण. एक दिवस सगळे मेलेले उठतील व हिशेब होईल. आणि जे काही बरेवाईट होते ते त्याच्या हुकुमाने होते. हे शेवटचे मानणे मला सगळ्यात जड जाते. तरी मानतो. त्याच्या दयेची आशा सोडणे आम्हाला मना आहे. तेवढे मात्र माझ्याकडून पाळले जात नाही, ते इथे लपवत नाही.

कलम दुसरे. मी काय करत होतो, ते गावाने पाहिले आहे.

दिवसातून पाच वेळा नमाज: पहाटे, दुपारी, उन्हे कलताना, सूर्य बुडाल्यावर आणि रात्री. त्याआधी हात, तोंड, पाय धुणे. नमाजेत तोंड मक्केच्या काब्याकडे करतात. ते इथून पश्चिमेला आहे, आणि आमच्या पश्चिमेला गावची बोडी, म्हणजे लहान तळे, आहे. दादाजीभाऊ ढिवर त्या बोडीत मासे धरतात. बाबांना नमाज पढताना पाहून त्यांनी एकदा विचारले होते, "काऊन गा चांदमिया, तुहा देव आमच्या बोडीत राह्यते का?"

बाबा म्हणाले, "नाई भाऊ, बोडीच्या पल्याड. लय दूर."

"मंग जाता जाता आमच्या जाळ्याचंबी सांगत जा त्याले."

त्या दिवशी योगायोगाने मोठा मरळ सापडला. तेव्हापासून दादाजीभाऊ सगळ्यांना सांगत की पिंजाऱ्याच्या नमाजेने मासे येतात. बाबा हसत, आणि मला बाजूला घेऊन सांगत की असे नसते, देणारा एकच आहे.

रमजान महिन्यात पहाट फुटल्यापासून सूर्य बुडेपर्यंत अन्नपाणी नाही. गुणाबाई म्हणजे दादाजीभाऊंची बायको. पहाटे उठून ती माझ्यासाठी भात टाकायची आणि ओरडायची, "उठ रे पोट्ट्या, तुह्या देवाले कोंबड्याच्या आंधीच भूक लागते का?" यंदा आजारामुळे रोजे सुटले. जो पुढेही धरू शकणार नाही, त्याने रोज्याबद्दल भुकेल्याला जेवू घालावे, असे आहे. ते कलम चौथ्यात केले आहे.

जकात म्हणजे साठलेल्या मालातून गरिबाचा वाटा. माझ्याजवळ तेवढे कधी साठले नाही. ईदेच्या आधी गरिबाला द्यायचे धान्य मात्र दरवर्षी दिले. हज म्हणजे ऐपत असेल त्याने जन्मात एकदा मक्केला जाणे. मी नागपूरसुद्धा पाहिले नाही.

कलम तिसरे. माझी माती.

मला जाळू नये. हळद-कुंकू लावू नये, दारू शिंपडू नये, कबरेत भात ठेवू नये. मोठ्याने रडू नये. गुणाबाई ऐकणार नाही, तिला बोडीवर न्यावे.

अंघोळ पुरुषांनी घालावी. आपल्या माणसाने घालायची असते, पण ते नाहीत, म्हणून दादाजीभाऊंनी घालावी. पाण्यात बोरीचा पाला उकळून ते कोमट होऊ द्यावे. कमरेवरचे फडके काढू नये. आधी उजवे अंग, मग डावे, तीन वेळा. शेवटच्या पाण्यात कापूर. न शिवलेले तीन पांढरे कपडे पेटीत आहेत, ते गुंडाळावे.

कबर गोंडांच्या इस्तारी मडावीने खणावी. इस्तारी, तुझ्या घरची रीत वेगळी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून नीट ऐक: डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला, उजव्या कुशीवर, तोंड बोडीकडे. उलटे ठेवले तर माझी पाठ काब्याकडे होईल आणि मी उठेपर्यंत तसाच राहीन. अंगावर माती पडू नये म्हणून आडवे बांबू टाकावे. मग प्रत्येकाने तीन मुठी माती द्यावी. वर चबुतरा बांधू नये.

माती देण्याआधी उभ्याने एक नमाज असते, मेलेल्याला माफी मिळावी म्हणून. ती मुसलमानांवर मिळून फर्ज आहे. थोड्यांनी पढली तर सगळे सुटतात, कोणीच पढली नाही तर सगळे गुन्हेगार. ती गावाला जमणार नाही आणि मी ती गावाकडे मागत नाही. माझी झोप त्या नमाजेवरून उडाली आहे. पाणी उतरल्यावर कबरेपाशी येऊनही पढता येते. सुलेमान, तू ये. नाहीतर मशिदीतल्या कोणालाही पाठव. मी आधा गोंड असेन, तरी अर्ध्यासाठी पढ.

कलम चौथे. मालमत्ता.

आमच्यात आधी मातीचा खर्च, मग देणे, मग मृत्युपत्र, आणि मृत्युपत्रसुद्धा तिसऱ्या हिश्श्यापुरतेच. बाकी वारसाचे. वारस सुलेमान एकटा. घर, परसातला आंबा व पेटी त्याची. तो बाबांच्या मातीला आला नाही. मला मुभा असती तर मी त्याला आंब्याचे पानसुद्धा दिले नसते. पण वारसाचा वाटा अल्लाहने ठरवला आहे, तो मला अडवता येत नाही.

तिसऱ्या हिश्श्यात: शेळी व कोठीतले धान गुणाबाईला. त्यातून तिने गावातल्या भुकेल्यांना माझ्या सुटलेल्या रोज्यांचे जेवण घालावे. उरेल ते तिचे. बाबांचे कापूस पिंजायचे पिंजण दादाजीभाऊंना. ते वाजवणारा आता कोणी नाही, म्हणून खुंटीला टांगावे, ओल लागू देऊ नये. त्याची तात, म्हणजे आतड्याची दोरी, ओली झाली की तुटते. गावातल्या कुंताबाईच्या लेकीच्या गादीचा कापूस अर्धा पिंजून कोपऱ्यात पडला आहे. तो तिचा आहे, माझ्या मालात धरू नये. माफ करा बाई, गादी पुरी झाली नाही.

कुराण रेशमी फडक्यात आहे. मला ते अडखळत का होईना वाचता येते; माझ्यामागे गावात वाचणारा कोणी नाही, म्हणून सुलेमानकडे जावे. हात धुऊन न्यावे.

कलम पाचवे. साक्षीदार.

बाबांनी मला कुराणातला हुकूम सांगितला होता: मरण समोर आले की मृत्युपत्राला आपल्यातले दोन सच्चे साक्षीदार घ्यावे; आणि मुसाफिरीत मरण आले तर परक्यांतले दोघे चालतात. माझ्याजवळ आपल्यातले, म्हणजे मुसलमान, कोणी नाही. म्हणून मी वर 'मुसाफिर' लिहिले. पिंजारी गावोगाव फिरतो, तेव्हा तो शब्द अगदीच खोटा नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

काल हा कागद दादाजीभाऊ, गुणाबाई व इस्तारी यांना वाचून दाखवला. इथपर्यंत आलो तेव्हा दादाजीभाऊंनी शाई लावलेला अंगठा मागे घेतला.

"मुसाफिर कोन?"

मी म्हणालो, "मी, भाऊ. कागदापुरता."

"अन् परका कोन?"

मी त्यांच्या अंगठ्याकडे बोट दाखवले.

"मी परका अन् तू मुसाफिर! मंग घरचा कोन आहे बे इथी? ते शेळी?"

इस्तारी हसला. गुणाबाई हसली नाही. म्हणाली, "तुह्या मायची सुईन मी होती. तुही नाळ म्या पुरली, त्या उंबरठ्यापासी. मुसाफिराची नाळ पुरते का कोनी गावात?"

मी समजावले की असे लिहिले नाही तर त्यांची साक्ष चालणार नाही, सुलेमानला आयते कारण मिळेल, मग नमाजेला कोणी येणार नाही.

दादाजीभाऊ म्हणाले, "पाच येळा धुऊन पुसून उभा राह्यतेस त्याच्यापुढं. त्याले ठाऊक नाई का तू कुठी राह्यतेस? खोट्यावर मी अंगठा देत नाई. खोडतेस का जाऊ?"

खोटी ग्वाही आमच्यात मोठ्या पापांत मोजतात. हे मी लहान असताना मीच त्यांना सांगितले होते.

रात्रभर विचार केला. शब्द ठेवला तर साक्षीदार नाहीत. खोडला तर साक्षीदार आहेत, पण ते चालतील की नाही हे मला माहीत नाही, आणि सांगणारा कोणी नदीच्या अलीकडे नाही. नमाज होईल अशी आशा मला वाटत नाही. परंतु ज्याच्यापुढे हिशेब द्यायचा आहे, त्याला मी चुकीचा पत्ता लिहून देणार नाही.

खोडाखोडीचा तपशील: पहिल्या परिच्छेदातील 'मुसाफिर, हल्ली मुक्काम' हे शब्द खोडले आहेत. त्या जागी 'राहणार' असे वाचावे. कलम पाचव्यात साक्षीदारांबद्दलचा 'परक्यांतले' हा शब्द हुकुमातला आहे, तो खोडता येत नाही. पण तो दादाजी व इस्तारी यांना लागू समजू नये. ही खोडाखोड मी स्वतः शुद्धीत केली असून ती मला मान्य आहे.

सही: याकूब वल्द चांदमिया पिंजारी

साक्षीदार:
१. दादाजी वल्द सोमा ढिवर, राहणार चिचटोला. निशाणी डाव्या अंगठ्याची. (यांनी सांगितले तसे लिहिले: "हा मुसलमान आहे. म्या रोज पाह्यला. कोनी इचारलं तं मले बलावा.")
२. इस्तारी वल्द देवाजी मडावी, राहणार चिचटोला. निशाणी डाव्या अंगठ्याची. (यांनी सांगितले तसे लिहिले: "डोस्कं उत्तरेकडं. तोंड बोडीकडं. ध्यानात आहे.")

ठिकाण: चिचटोला
तारीख: १२ ऑगस्ट १९५७