बुधवारचे एकेचाळीस

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (गुडघा तुझा दुखतो आणि वाकायचं मी!) फोनवर "मी ठणठणीत" म्हणून तू मला दोन मिनिटांत वाटेला लावतेस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "ठेवते गं" म्हणता येत नाही. गुडघ्याचं काय ते मोकळेपणाने कळव. इकडे आम्ही सगळे मजेत.

डोळ्यांच्या दवाखान्यासाठी आम्ही पेशंटना तारखा देणारा प्रोग्राम करतोय, हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टरीणबाईंची अट एकच: पंधरा दिवस तो एकदाही बंद पडता कामा नये, नाहीतर त्या आपल्या जुन्या वहीकडे आणि आम्ही तिघं घरी. आता तिघांच्या तीन तऱ्हा. एकाला आम्ही काटकसर म्हणतो. तो प्रोग्रामच्या चार ओळींचं काम एका ओळीत कोंबतो आणि आतल्या प्रत्येक गोष्टीला नुसती अक्षरांची नावं देतो, क, ख, ग. (आठवड्याने ग म्हणजे कोण विचारलं, की तोही डोकं खाजवतो.) दुसऱ्या पाल्हाळबाई, त्या एका ओळीच्या डोक्यावर तिची दहा ओळींची कुळकथा लिहितात. दोघांचं रोज भांडण, तेही ओळीआधी रिकामी जागा किती सोडायची यावरून. तिसरी मी. माझं टोपणनाव झाकण. प्रत्येक कामाभोवती मी एक सूचना लिहून ठेवते: काही चुकलं तर बोभाटा नको, गप्प पुढे चल. झाकली मूठ सव्वा लाखाची. (हे वळण कुठल्या घराण्याचं, ते तूच सांग.)

तर काटकसर तारखेत आधी दिवस लिहितो, पाल्हाळबाई आधी महिना. त्यामुळे वीस तारीख आली की पाल्हाळबाईंच्या भागाला विसावा महिना दिसे. दुष्काळात तेरावा आपण ऐकलेला, इथे थेट विसावा! प्रोग्रामने तिथेच हंबरडा फोडायला हवा होता. पण माझी सूचना होती, तारीख कळली नाही तर पेशंटला महिन्याच्या शेवटच्या बुधवारी टाक, थांबू मात्र नको. बिचारा थांबला नाही. बारा दिवस अखंड चालला आणि आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी तिघांचीही पाठ थोपटली.

बुधवारी एकेचाळीस पेशंट एकदम हजर. नर्सने शिस्तीत सगळ्यांच्या डोळ्यांत औषध घातलं, सगळे माना वर करून बसले, आणि नंबरांचा फळा कुणालाच दिसेना. मी धावत तिथे पोचले, तर एक आजोबा मला म्हणाले, "बाई, दिसत काही नाही, पण गर्दी ऐकू येतेय." मला आधी हसू आलं, मग फार लाज वाटली.

त्याच दुपारी मी सगळी झाकणं काढली. पहिल्या दिवशी प्रोग्राम अकरा वेळा बंद पडला, पण दर वेळी कुठे दुखतंय ते सांगून. काल दोनदाच. (तारखेत आधी काय लिहायचं, यावर त्या दोघांचं एकमत झालंय. रिकाम्या जागांचं भांडण चालूच आहे.) डॉक्टरीणबाईंनी आणखी आठ दिवस दिलेत.

तुझी लाडकी,
झाकण

ता. क. "सगळे मजेत" हे वर सवयीने लिहिलं. आठ दिवसांत जमलं नाही तर नोकरी जाईल, आणि मला भीती वाटतेय. बघ, लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही.

आणखी एक ता. क. तुझ्या शेजारच्या काकूंचा फोन आला होता. जिन्यात पडलीस त्याला तीन आठवडे झाले म्हणे, आणि तेव्हापासून बसत बसत पायऱ्या उतरतेस. शनिवारी मी येतेय, आपण दवाखान्यात जाऊ. नको म्हणालीस तर मी ऐकून न ऐकल्यासारखं करीन. तेवढं एक झाकण ठेवलंय.