आखणीआधीचे दोन घास

३ जुलै, गुरुवार
सकाळी बोटं वळायला पाऊण तास लागला. उजवा अंगठा मुळापाशी असा धरलाय की बुचडा बांधायलाही वहिनी लागते. मे महिन्यात पेणच्या डॉ. बाईंनी संधिवात सांगितला. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, संपल्या की पुन्हा दाखवा म्हणाल्या. गेले नाही. मेडिकलवाला जुन्याच कागदावर देतो, मग एसटीचे धक्के कशाला खायचे. आज नवं पाकीट फोडलं. कितवं ते विसरले.
आजपासून आखणी, म्हणजे मूर्तींचे डोळे काढणं, सुरू. दादाचा हात मातीत, माझा डोळ्यांत. बाबांनीच तशी वाटणी करून ठेवली होती आणि हे गेल्यावर मी माहेरी जोह्याला परत आले तेव्हा माझी जागा रिकामीच होती. कारखान्यात गणपती रांगेने बसलेत, अंगावर रंग, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. लोकांना ते आंधळे वाटतात. मला झोपलेले वाटतात.

५ जुलै
बाबांची रीत अशी. आखणीच्या दिवशी आंघोळ करून थेट पाटावर. दुपारी ब्रश धुवेपर्यंत पोटात अन्न नाही, फार तर कोरा चहा. पोट भरलं की नजर जड होते, डोकं हलकं असलं की मूर्तीत नजर आपोआप उतरते, असं म्हणायचे. आसपासच्या कारखान्यांत हे कुणी पाळत नाही. मी पाळते. दादा वडापाव खात सोंडेला रंग देतो, पण डोळ्यांना हात लावत नाही.
गोळी स. सातला, चहाबरोबर. आठपर्यंत बोटं सुटतात.
डॉ. बाईंनी विचारलं होतं, जेवून घ्याल ना? हो म्हटलं. न जाण्याचं खरं कारण हे आहे, एसटी नव्हे. खोटं बोलल्यावर पुन्हा तोंड दाखवायला जिवावर येतं.

१३ जुलै, रवि.
जिते स्टेशनावरून गाडीने रोह्याला, माईकडे. थोरली बहीण, गुडघ्यांनी बेजार. खिडकीतून भाताची खाचरं मागे जात होती. लावणीतल्या बायका पाण्यात वाकलेल्या, त्यांची तोंडं दिसत नव्हती. वाटलं, ह्यांचीही आखणी राहिली आहे. नागोठण्यापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात डोळे काढत गेले.
माईने माझा अंगठा दाबून बघितला आणि स्टीलच्या डब्यातून तिचं पाकीट काढलं.
"ही माज्या डॉक्टरची हाय. घे गो, दुपारची एक ह्यातली खात जा. दोन ठिकानचं औषद लागलं की लवकर गुन येतो."
माझी गोळी पांढरी, तिची पिवळी. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, असं दोघींनी चहा पिता पिता ठरवून टाकलं. दोन पाकिटं घेऊन आले.

२२ जुलै
सकाळी पांढरी, दुपारी पिवळी. माई म्हणाली ते खरं. हात असा चालतोय की जणू माझा नाहीच. आधी भुवई, मग वरची पापणी, एका दमात, ब्रश न उचलता. मग बुबुळ. शेवटी तेजाचा पांढरा ठिपका. तो टेकला की समोरचा जागा होतो. प्रत्येक वेळी मी जरा मागे सरकते, पन्नाशी उलटली तरी.
आज एका बैठकीत अकरा जागे केले. उठले तेव्हा पाठीवर बावीस डोळे.

२८ जुलै, श्रावणी सोम.
उपास. आखणी दुपारपर्यंत, पुढे सबंध दिवस निरंकार. गोळ्या मात्र दोन्ही घेतल्या, औषधाला उपास लागू नसतो. छातीखाली जळजळ. वहिनीने थंड दूध पुढे केलं. संध्याकाळी पूजा झाल्यावर पिईन म्हटलं. ती तोंड वळवून गेली.

१ ऑगस्ट
सकाळी पोट साफ झालं, पण डांबरासारखं काळं आणि चिकट. परवा काळ्या वाटाण्याची आमटी होती, त्यामुळे असणार. वहिनीला सांगितलं नाही. सांगण्यासारखी गोष्ट आहे का ती.

६ ऑगस्ट
काय सांगू, किती हलकं वाटतंय. पाटावरून उठले की जमीन थोडी खालीच राहते. कारखान्याच्या दारातून खाचरांवरचं पाणी दिसतं आणि ते हळूहळू वर चढतं, मूर्तींच्या पाटांपर्यंत येतं, आणि सगळे गणपती होड्यांसारखे डुलायला लागतात. मग डोळे मिटून उघडले की सगळं जागच्या जागी.
बाबा म्हणायचे ते हेच. इतकी वर्षं वाट बघितली. नजर आता माझ्याकडे आपणहून येते, मी फक्त ब्रश धरून बसते. मला फार सुख वाटलं. रडू आलं.

९ ऑगस्ट
वहिनी म्हणते, ताई, आरशात ओठ बघा, चुन्यागत झालेत. मी म्हटलं, रंगाचा हात लागला असेल. ती हसली नाही. जिना चढताना दम लागतो, हेही तिने टिपलंय. तिला कंपनीत सुपरवायझर करायला हवं.
आमटी नसतानाही काळंच.

१३ ऑ., पेण, दवाखाना
डाव्या हाताने. उजव्यात सुई.
सोमवारी पाटावरच पडले. आधी पाणी वर आलं, मग ते खाली गेलंच नाही. ब्रश मूर्तीच्या गालावरून ओढला गेला म्हणे. दादा रिक्षात घालून इथे.
रक्त चढवलं. नळी घालून पाहिलं. जठरात जखम, तिथून रक्त जात होतं. कधीपासून कोण जाणे.
बस. दमले.

१४ ऑ.
डॉ. बाई आल्या, त्याच, ज्यांना मी टाळत होते. वहिनीने पिशवी त्यांच्या पुढ्यात उपडी केली. माझी रोजची बी.पी.ची गोळी, पांढरी, पिवळी. बाईंनी पांढरं आणि पिवळं पाकीट शेजारी ठेवलं आणि मागचं बारीक अक्षर मला मोठ्याने वाचायला लावलं. कंपन्या दोन. औषधाचं नाव एकच. म्हणजे रोज दुप्पट, आणि तेही रिकाम्या पोटी.
रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, ही गोळी वाईट नाही, सूज उतरवते, म्हणून तर दिली होती. पण कमीत कमी आणि थोडेच दिवस, पोटात अन्न असताना, आणि मधूनमधून तपासून. बी.पी. असलेल्यांना मूत्रपिंडाकडेही बघावं लागतं, म्हणून परत बोलावलं होतं. शौच काळं झालं त्याच दिवशी यायला हवं होतं. आता ही गोळी पूर्ण बंद. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रंगाने, कुणाच्या डब्यातलीही नाही. दुखलं तर त्यांनी लिहून दिलेली साधी गोळी, तीही मोजून. जखमेसाठी वेगळी, सकाळी जेवणाआधीची. पिवळं पाकीट कुणाचं ते विचारलं आणि माईलाही तपासायला पाठवा म्हणाल्या.
मग मी ते हलकेपणाचं सांगितलं. का सांगितलं कळत नाही. नजर उतरते ते, बाबांचं ते.
"बाई, रक्त कमी झालं होतं तुमचं," त्या म्हणाल्या. "अर्धं. डोकं हलकं होणारच."
त्या गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१५ ऑ.
रात्रभर एकच. बाबांची पाठ दुखायची. रोज सकाळी कागदाच्या पुडीतली पांढरी पूड घ्यायचे, कोऱ्या चहात. शेवटी पोटानेच गेले. पुडीत काय होतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

१७ ऑ.
घरी. माईचा फोन. तिच्या पायांना सूज आहे आणि ते तिने मला महिनाभर सांगितलंच नव्हतं. उद्या डॉक्टरकडे जाते म्हणाली. फोनवर दोघी रडलो, मग तिने विचारलं, जेवलीस काय गो?
कारखान्यात गेले. मी नसताना हमरापूरहून एकजण आला, मिसळ खाऊन आला आणि दोन दिवसांत तीसेक मूर्तींचे डोळे काढून गेला. एकेकीपुढे उभी राहिले. नजर उतरली आहे. चांगली उतरली आहे. मला राग आला आणि रागाची लाजही वाटली. त्याची भरल्या पोटी उतरते. माझी उतरेल का, हे मला माहीत नाही, कधी करूनच पाहिलं नाही.
नऊ मूर्ती दादाने माझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. जुनी गिऱ्हाइकं, डोळे मीच काढावेत असं सांगून गेलेली.

१९ ऑ.
बोटं पुन्हा लाकूड. गोळी नाही, तर दुखणं आपल्या खऱ्या मापात आलं. कोमट पाण्यात हात, मग बाईंनी शिकवलेला व्यायाम, मूठ उघड, मूठ मीट. साधी गोळी घेतली की थोडं सैल होतं, आठ वाजता मात्र नाही, दहाला. बाईंनी दोन तास बसायला परवानगी दिलीय, तीही जेवून. चतुर्थी झाली की पनवेलला सांध्यांच्या डॉक्टरकडे. सांध्यांचीच वेगळी औषधं असतात म्हणे, सावकाश लागू होणारी.
दादाला म्हटलं, त्या नऊही त्या हमरापूरवाल्याला दे. रीत मोडून मी बसणार नाही, आणि उपाशी बसायची भीती वाटते.
दादा कधी फार बोलत नाही. हात मातीचे होते, ते पुसतही बसला नाही.
"जेव आनि बस. नजर नाय उतरली तर नाय उतरली. बाबा गेले, ती रीत जाऊंदे त्यांच्यासंगं. मला तू पायजेस."

२१ ऑ., गुरु.
आंघोळ. जखमेची गोळी. अर्ध्या तासाने वहिनीने पानात तांदळाची भाकरी आणि मुगाची उसळ वाढली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, बाबा मागे उभे असल्यासारखे. दुसरा गिळला. मग सगळी भाकरी खाल्ली, आणि खरं सांगायचं तर गोड लागली.
दहाला पाटावर. डोकं अजिबात हलकं नव्हतं. पाणी पाण्याच्या जागी, गणपती पाटावर, माझे गुडघे मला दुखत होते. सगळं इतकं साधं आणि स्पष्ट दिसत होतं की मला भीतीच वाटली.
उजव्या डोळ्याची पापणी दोनदा ब्रश उचलून काढली. रेघ मात्र जुळली. बुबुळ झालं. मग अंगठ्यातून कळ आली आणि थांबावं लागलं. दादा बघून गेला.
वहिनीने घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवलंय. हे डाव्या हाताने लिहितेय, उजवा पाण्यात आहे. तासभर अजून हातात आहे. नजर उतरली की नाही, ते डावा डोळा झाल्याशिवाय कळत नाही.