धाकट्याचं तुंदुक

आपल्या घरून, फेब्रुवारी

प्रिय केंजेबेक,

तुला आणि वेराला सलाम, आसियाला तिच्या न पाहिलेल्या काकाचा गोड पापा. फोनवर आपण बोलतो खरे, पण तू आईची चौकशी करतोस, "आपा बरी आहे ना? गुरं बरी आहेत ना?" आणि मी म्हणतो, "अल्लाहची मेहेरबानी," की संपलं. जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून वरच्या कुरणावर मुलांना शिकवणाऱ्या जीपाराकडून चार कागद मागून आणले. लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर लावून घे.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. कोठीत, अताच्या खोगिराशेजारी, लोकरीच्या नमद्यात गुंडाळून ठेवलेलं आपलं तुंदुक आता तिथे नाही. घाबरू नकोस, विकलेलं नाही. पण अताच्या पणज्यानं वाकवलेलं ते कडं, इतक्या पिढ्यांच्या तंबूंच्या माथ्यावर बसून धुरानं काळं झालेलं, अतानं जाताना धाकट्या लेकासाठी, म्हणजे तुझ्यासाठी, ठेवलं होतं. आई-बापाची चूल धाकट्याची, तुंदुकही धाकट्याचं. आपल्यात दुसरं कधी झालेलं नाही. म्हणून त्याचं काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं, गावातल्या कुणाकडून नको.

मागच्या वसंतात नारिनहून एका फाउंडेशनची माणसं आली होती. त्यांच्यात गुलझात नावाची एक बाई, आपल्याच बाजूची, बूट चिखलानं भरलेले. ती म्हणाली, तुमची लहान मुलं उन्हाळाभर वरच्या कुरणावर मेंढ्यांमागे असतात, सातव्या वर्षी एकदम शाळेत येतात आणि पहिलं वर्ष तोंड मिटून बसतात. आपणही तसेच बसलो होतो, आठवतं? तर शेगडी, पुस्तकं, खेळणी, शिकवणाऱ्या मुलीचा तीन उन्हाळ्यांचा पगार फाउंडेशन देणार. तंबू मात्र दरीतल्या लोकांनी स्वतः उभा करायचा. म्हातारे मामित दाढी कुरवाळत म्हणाले, "म्हणजे नवरी तुमची आणि लग्नघर आमचं!" गुलझात हसून म्हणाली, "लग्नघर तुमचं असलं की नवरी पळून जात नाही, अक्सकल." एवढ्यावर म्हातारे खूश झाले आणि सगळ्या दरीनं मिळून राबायचा अशर ठरला.

मला खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. आपल्याकडे बाहेरून आलेलं काहीही लोक पाहुण्यासारखं जपतात आणि पाहुणा गेल्यावर विसरतात. पण या खेपेला काही वेगळंच घडत गेलं. कुणी जाळीच्या भिंतीचा एक तुकडा आणून दिला, कुणी दुसरा. छताच्या दांड्या चार घरच्या चार तऱ्हेच्या, काही लाल रंगवलेल्या, काही नुसत्याच तासलेल्या. बायकांनी लोकर पिंजली, उकळतं पाणी ओतलं, चटईत गुंडाळून पायांनी लाटली. आपा गुडघ्यांवर हात ठेवून कडेला बसली होती आणि ज्या पोरींचे पाय मंद पडतील त्यांना चिडवत होती: "नाचायला सांगितलं असतं तर थकली असतीस का गं?" पांढराशुभ्र नमदा तयार झाला. फक्त तुंदुक नवं होतं, सुताराकडून करून घेतलेलं, अजून पिवळं, ताज्या लाकडाच्या वासाचं.

ते वर धड पोचलंच नाही. जेंगिशच्या ट्रकमध्ये शेगडी आणि तुंदुक एकत्र होतं. नदी ओलांडताना चाक दगडावर चढलं, शेगडी घरंगळली आणि कड्यावर जाऊन बसली. वर कुरणावर ट्रकचं फळकं उघडलं तेव्हा कडं दोन जागी तडकलेलं. जेंगिश डोकं धरून खाली बसला. मामित म्हणाले, "शाबास रे, चूल वाचवलीस आणि घर मोडलंस." कुणी फारसं हसलं नाही. मुलं आयांबरोबर येऊन थांबली होती, सुताराला नवं करायला पंधरवडा लागणार, आणि वर उन्हाळा तो केवढासा. प्रत्येकाच्या घरी एक तुंदुक होतं आणि प्रत्येक जण स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. मीही. भिंत देता येते, दांड्या देता येतात, पण तुंदुक घराबाहेर गेलं की त्या घराची चूल विझली म्हणतात. ते कुणी कुणाकडे मागतसुद्धा नाही.

आपा कणकेचे बोरसोक तळत होती. झारा न ठेवताच मला म्हणाली, "तुर्दुबेक, खाली जा आणि कोठीतलं घेऊन ये."

मी म्हटलं, "आपा, ते केंजेबेकचं आहे."

"मला ठाऊक आहे ते कुणाचं. मीच त्याला जन्म दिलाय, तू नाही."

मामित पुढे आले. ते अताचे दोस्त, त्यांचं ऐकायला हवं. म्हणाले, "उलकान, लोक काय म्हणतील? तुझ्या नवऱ्याची चूल..." आपानं कढईतून वर पाहिलं. "म्हणतील तर म्हणोत. मामित, तूच सांग, खाली कोठीत ते गुंडाळून पडलंय, त्याच्याखाली आज कुठली चूल पेटलीय? इथं ही एवढी पोरं त्याच्याखाली बसली तर ती चूल विझली म्हणायची की पेटली?" मामित दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून "ओमीन" म्हणाले.

मी खाली आलो. ते नमद्यातून बाहेर काढलं तेव्हा अताचा वास आला. तंबाखूचा नव्हे, तो धुराचा, सकाळचा, लहानपणीचा. घोड्यावर आडवं बांधून घाट चढायला लागलो तर वारा त्याच्या भोकांमधून शिरून मंद घुमत होता. वाटेत जे भेटले ते घोड्यावरून उतरले. कुणी विचारलं नाही कुठे नेतोस म्हणून. मी मशिदीत इतकी वर्षं जातो, पण त्या वाटेवर जसा गप्प झालो तसा नमाजातही क्वचितच होतो.

आता ऐक. आपल्या जुन्या कड्याची भोकं त्याच्या जुन्या दांड्यांच्या मापाची. या चार घरच्या दांड्या त्यात जाईनात. मग बसले सगळे, म्हातारे, तरणे, जेंगिशही, गवतात गोल करून, चाकू काढून दांड्यांची टोकं तासत. संध्याकाळपर्यंत गवतावर ढलप्यांचा बर्फ पडल्यासारखं दिसत होतं. मग कडं बेचक्याच्या दांड्यावर चढवून उचलायची वेळ आली. ते घरच्या पुरुषानं उचलायचं. मी बिस्मिल्ला म्हणून पुढे झालो, तर आपानं माझा हात बाजूला केला आणि स्वतः दांडा धरला.  जेंगिशनं आणि मी नुसता खालून आधार दिला. म्हणाली, "धाकट्याच्या वतीनं. यंदापुरता मीच दांडा धरते."

लाल, पांढऱ्या, वाकड्या, सरळ दांड्या एकेक करून त्या काळ्या कड्यात जाऊन बसल्या आणि तो तंबू उभा राहिला. केंजेबेक, मी आयुष्यात शेकडो तंबू उभे राहताना पाहिले. हा उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी असं पाहतोय जे पाहायची आपली लायकी नाही. लांबच्या शहरात कुणी तरी, ज्यांना आपलं नाव माहीत नाही, पुस्तकं पाठवली. इथं ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांनी भिंती दिल्या. आणि माथ्यावर आपल्या पूर्वजांचा धूर.

दुसऱ्या दिवशी जेंगिशची पाच वर्षांची बुरुल आत आली. ती पोर कुत्र्यांशी बोलते, माणसांशी नाही. तुंदुकातून उन्हाचा गोल जमिनीवर पडला होता. ती त्यात जाऊन बसली. गोल सरकला तशी तीही सरकली. जीपारा शहाणी, तिनं तिला हाक मारली नाही. तिनं सगळ्या पोरांनाच त्या गोलाबरोबर सरकायला लावलं, आणि ऊन पुस्तकांच्या पेटीवर आलं की जेवण, दारावर आलं की घर, असं ठरवून टाकलं. आठवड्याभरानं बुरुलनं आपाची बाही ओढली आणि म्हणाली, "आजी, सूर्य पेटीवर आला. भूक लागली." आपा आतल्या आत किती रडली ते मलाच माहीत. वरून म्हणाली, "पहिलं वाक्य बोललीस ते जेवणाचंच! बापावर गेलीस."

गुलझात पाहायला आली तेव्हा पांढऱ्या तंबूवरचं काळं कडं पाहून थांबली. तिला वाटलं कुठलं तरी जळकं वापरलंय. म्हणाली, फाउंडेशनला सांगून नवं देऊ. जीपारानं तिला सगळं सांगितलं. ती आत गेली, कड्याखाली उभी राहिली, बराच वेळ वर पाहत. मग आपासमोर बसून चहा प्याली आणि नव्याचं नाव काढलं नाही. जाताना मात्र मला म्हणाली, "तुर्दुबेक बाइके, एक लक्षात ठेवा. येत्या उन्हाळ्यात आम्ही हा तंबू कायमचा दरीच्या नावे करतोय. मग तो कुणा एकाचा राहणार नाही. त्याच्यातलं काही परत हवं असेल तर त्याआधी काढून घ्या." तिनं चांगल्या मनानंच सांगितलं. पण तेव्हापासून माझी झोप उडाली. कारण आपानं दिलं ते उसनं की कायमचं, हे तिनं सांगितलेलं नाही, आणि द्यायचा हक्क तिचाही नाही. तो तुझा आहे.

मी तिला थंडीत विचारलं. ती नमद्याच्या बैठका शिवत होती. प्रत्येक मुलासाठी एक, काठाला मेंढीच्या शिंगांची नक्षी. गेल्या उन्हाळ्यातही तिनं शिवल्या होत्या आणि त्यांत एक जास्तीची होती, सकाळी उन्हाचा गोल पहिल्यांदा जिथे पडतो तिथे मांडलेली. कुणी तिच्यावर बसलं की आपा उठवायची. जीपारानं विचारलं तर म्हणायची, "ते पोर अजून यायचंय." आम्हाला वाटलं, पलीकडच्या धनगराचं कुणी असेल. आता ती जुनी बैठक उसवून मोठी करत होती. म्हणाली, "वर्षभरात पोरं वाढतात." मग दोरा दातांनी तोडून हळूच विचारलं, "आसियाला आपली भाषा येते का रे? एक शब्द तरी?"

तर केंजेबेक, हे पत्र त्यासाठी. तुझं तुंदुक तुला परत हवं असेल तर एक शब्द कळव, मी उन्हाळ्याआधी ते उतरवून, नमद्यात गुंडाळून अताच्या खोगिराशेजारी ठेवीन, आणि मनात काही धरणार नाही. मुलांसाठी राहू द्यायचं असेल तर ते फोनवर सांगू नकोस. जूनमध्ये ये. वेराला घेऊन ये, तिला आमचा चहा खारट लागला तर आपा साखर घालून देईल, तसं तिनं स्वतःच म्हटलंय. यंदा आपाच्यानं दांडा उचलवणार नाही, तिचे हात आता सुई धरतात तेवढंच. कडं तूच उचल, दरीसमोर, आणि मग ते त्यांचं होऊ दे. आणि आसियाला आत पाठव. कुठे बसायचं ते तिला कुणी सांगायला नको. सकाळी ऊन पहिल्यांदा जिथे पडतं, तिथली जागा रिकामी आहे.

तुझीच वाट पाहणारा, तुझाच
तुर्दुबेक