वर्लीनला किती द्यायचे?

मंगळवार, २० फेब्रुवारी

काम व्हायच्या आधीच टिप विचारतात! हे मला पटलेलं नाही.

नवा गुडघा बसवून आठ दिवस झाले. सहा आठवडे गाडीला हात लावायचा नाही, म्हणजे दुकानात जाणं बंद. ऑपरेशनला आली होती तेव्हा मार्ताने फोनवर ते अ‍ॅप घालून दिलं — खातं तिच्याच नावाने — आणि गेली परत आपल्या घरी, टूसॉनला. "डॅड, तू फक्त यादी कर. कुणीतरी दुकानात जाऊन तुझ्यासाठी निवडतं आणि घरी आणून देतं."

केली यादी. दूध, अंडी, केळी, राई ब्रेड, सॉसेज, आंबट कोबीची बरणी. ब्याऐंशी डॉलर. शेवटी प्रश्न — टिप किती? आणि पाच टक्क्यांवर त्यांनीच आधी खूण करून ठेवलेली.

मार्ताला फोन केला. "वीस टक्के, डॅड. हॉटेलात देतोस ना?"

समोरचा गस कॉफी प्यायला आला होता, त्याला विचारलं. "पाच डॉलर. आणि दार लाव."

चौतीस वर्षं ह्या ईरी गावात टपाल वाटलं. पत्र हातात पडायच्या आधी मला कुणी काही दिलं नाही, पडल्यावरही फारसं नाही. पाच टक्क्यांची खूण तशीच राहू दिली. चार डॉलर दहा सेंट.

वॉकर ढकलत दारापर्यंत पोचलो तोवर बाई गाडीत बसून निघालीसुद्धा. अ‍ॅपवर नाव आलं — वर्लीन.

पिशव्या उघडल्या. सहा केळी. दोन पिवळी, दोन अर्धवट, दोन हिरवीगार.

बुधवार, २१ फेब्रुवारी

पहिलं पिवळं केळं खाल्लं. एकटा माणूस सहा केळी कशी खातो, ह्याचा कुणीतरी दुकानात उभं राहून विचार केला!

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज सरोवरावरचं बर्फ फुटल्याचा आवाज इथपर्यंत आला. बरं वाटलं.

बसल्या बसल्या आठवलं, नाताळात लोक टपालवाल्याला पैशाचं पाकीट देतात. टेकडीवरच्या खांबवाल्या मोठ्या घराने चौतीस वर्षांत एकदाही दार उघडलं नाही. आणि रुळांपलीकडची मिसेस ओडम — नवरा नाही, तीन पोरं — दर नाताळात स्वतः विणलेले मोजे. मोजे पायाला घट्ट व्हायचे. तरी घालायचो.

चार डॉलर दहा सेंट. हं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पुन्हा वर्लीनच आली. दुकानातून निरोप — "राई ब्रेड संपलाय. काळा पंपरनिकल चालेल?"

मी एका बोटाने उत्तर टाइप करायला बसलो. दोनदा पुसलं. तेवढ्यात तिचाच दुसरा निरोप — "सावकाश. मी ब्रेडपुढेच उभी आहे."

एकटाच हसलो मोठ्याने.

ह्या वेळी मी दाराशी आधीच जाऊन उभा होतो. साठीच्या आतबाहेरची असेल. उंच, जांभळी लोकरी टोपी, काळ्या चेहऱ्यावर चष्मा धुकटलेला. दोन्ही हातांत तीन-तीन पिशव्या.

"बाहेरच ठेवा," मी म्हटलं.

"आणि तुम्ही त्या आत नेणार कशा? दातांत धरून?" — आणि सरळ स्वयंपाकघरात! दूध फ्रिजपाशी, बाकीचं टेबलावर, वाकायला लागणार नाही असं. "अजून काही? नाही? दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आईस्क्रीम आहे गाडीत." गेली.

टिप दहा केली. गसला सांगितलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

वाईट दिवस. सकाळी व्यायामवाल्या पोरीने गुडघा असा वाकवला की डोळ्यांपुढे तारे. त्यानंतर बर्फाची पिशवी लावून आत पडून होतो, टीव्ही मोठा. वर्लीन सामान ठेवून गेली ते कळलंच नाही. दाराबाहेर पिशव्या ओळीने ठेवलेल्या. बारा अंड्यांपैकी सात फुटलेली! पिशवीतून बलक गळतोय.

अ‍ॅपने विचारलं — कसं झालं? टिप बदलायची आहे का?

गस शेजारीच होता. "काप. कापल्याशिवाय ही माणसं सुधारत नाहीत."

मी ह्या वेळी बारा ठेवले होते. शून्य केले.

बुधवार, ६ मार्च

सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं. दुसऱ्या पायरीवर काचेसारखं बर्फ. त्यावर टाच घसरल्याची लांब रेघ. रेघेच्या शेवटी गोठलेला पिवळा बलक.

ती पडली होती. माझ्या पायरीवर. बर्फ वितळायला मीठ न टाकलेल्या.

आणि उठून, उरलेलं सगळं दारात ओळीने लावून गेली.

मी! एक्क्याण्णव साली लिबर्टी रस्त्यावर असल्याच एका पायरीवरून पडून खांदा मोडून घेतलेला मी. तीन महिने त्या घरवाल्याला मनात शिव्या घालत होतो. माझी बायको लॉरेन आज असती तर चार दिवस माझ्याशी बोलली नसती. बरोबर केलं असतं.

अ‍ॅप उघडलं. टिप परत वाढवली, बाराऐवजी तीस केली. टिप वाढवायला तिथे जागा आहे, माफी मागायला नाही.

गसला फोन करून पायऱ्यांवर मीठ टाकायला लावलं. "आत्ता आठवलं?" म्हणाला.

गुरुवार, ७ मार्च

तिला गाठायचं कसं? फोन नंबर नाही, आडनाव माहीत नाही. मग सुचलं — काहीतरी मागवलं की ती येईल!

एक कांदा मागवला. टिप पंचवीस डॉलर.

आला एक दाढीवाला इसम, ड्वेन की काय. कांदा दोन्ही हातांवर ठेवून, लग्नातली अंगठी द्यावी तसा दिला. "सर, असेच कांदे खात जा!"

गस अजून हसतोय.

मंगळवार, १२ मार्च

वर्लीन नाही. दुसरीच मुलगी. केळी सहाच्या सहा हिरवी. तिची चूक नाही. पण मन लागलं नाही.

टिप पूर्ण दिली.

शुक्रवार, १५ मार्च

आली!

अ‍ॅपवर नाव दिसल्यापासून अर्धा तास दारात उभा होतो. पायऱ्यांवर इतकं मीठ की बूट कुरकुरत होते. जांभळी टोपी दिसली. डाव्या मनगटाला पट्टा. म्हणून इतके दिवस नव्हती!

मी आधी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "मी तुमची टिप कापली होती."

"दिसलं मला."

"तुम्ही पडला होतात."

"तेही मला माहीत आहे, मिस्टर वॉयनार. मीच पडले होते."

"मग सांगितलं का नाही? पडल्यामुळे अंडी फुटली, असं?"

"कुणाला सांगू? तुमच्या पायरीची तक्रार केली तर तुम्ही मला अ‍ॅपवर तारे कमी देणार. तारे कमी झाले की चांगल्या ऑर्डरी दुसऱ्यांना जाणार. नुसतं मनगट मुरगळलं होतं. बिघडलं नाही फार."

मी माफी मागितली. नीट, उभं राहून, गुडघा ठणकत असताना. तिने ऐकून घेतली, मध्ये "असू दे" वगैरे म्हणाली नाही. ते मला आवडलं. लोक फार लवकर "असू दे" म्हणतात आणि मग काहीच संपत नाही.

पिशव्या आत ठेवल्यावर मी तिला विचारूनच टाकलं, "मला खरं सांगा. टिप किती द्यायची असते?"

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबली. म्हणाली, हे काम धरल्याला पाच वर्षं झाली, असं तोंडावर कुणीच विचारलं नाही. मग बसली. मी कॉफी पुढे केली.

"हे बघा. तुमच्या ह्या फेरीचे मला कंपनीकडून सात डॉलर मिळतात. दुकानात पाऊण तास, वाटेत वीस मिनिटं. पेट्रोल माझं, टायर माझे. म्हणजे तुमची टिप ही सणासुदीची भेट नाही, माझी मजुरीच आहे ती. पण टक्के मी सांगणार नाही. तुमच्याकडे दहा असतील तर दहा द्या. कमी असतील तर कमी द्या. आकडा आधी दिसतो मला. परवडला नाही तर मी ऑर्डर घेणार नाही, बस्स. पण एकदा दाखवलेलं काढून घेऊ नका. तुम्ही बारा दाखवले म्हणून मी दुसरी ऑर्डर सोडली होती त्या दिवशी."

"काढून घेणार नाही," मी म्हटलं.

"मग झालं." कपाच्या तळाशी बघितलं तिने. "कॉफी फार कडू करता तुम्ही."

मंगळवार, १९ मार्च

पंधरा ठरवले. दर वेळी, सामान कितीही असो. मार्ताला सांगितलं तर म्हणते, "एवढा कशाला लांबचा विचार केलास, वीसच टक्के होतात साधारण!" पोरगी पहिल्यापासून बरोबर होती म्हणायची. कबूल केलं नाही.

आज वर्लीनने कॉफीत दूध मागून घेतलं. वीस मिनिटं बसली. टिब्ज आडनाव. एका मोठ्या दुकानाच्या बेकरीत बावीस वर्षं होती. ते दुकान बंद झालं, साठीला टेकलेल्या बाईला बेकरीत नवं काम कोण देणार? "पण ब्रेड दाबून ताजा की शिळा ते अजून बोटांना कळतं. त्यामुळे तुम्हाला शिळा कधी मिळणार नाही." खरंच मिळालेला नाही.

मलाही बोलायला लावलं. कुत्र्यांबद्दल. टपालवाल्याला लोक कुत्र्यांबद्दलच विचारतात.

शुक्रवार, २२ मार्च

वॉकर कपाटात. आता काठी. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो! गस खिडकीतून टाळ्या वाजवत होता, गाढव.

मंगळवार, २६ मार्च

ईस्टर रविवारी. मार्ता येणार. लॉरेन दर ईस्टरला टेबलाच्या मधोमध लोण्याचं कोकरू ठेवायची — लोण्याचंच, मिऱ्यांचे डोळे, गळ्यात लाल फीत. त्याशिवाय तिच्या लेखी सण नव्हता. ती गेल्यापासून चार वर्षं मी आणलं नाही. ह्या वर्षी यादीत घातलं. का, ते माहीत नाही.

वर्लीनचा निरोप — "कोकरू संपलं. साधं लोणी आणू?"

मी लिहिलं, हो, चालेल. चालणार नव्हतं, पण दुकानात नाही तर ती तरी काय करणार.

मग तासभर पत्ताच नाही. अ‍ॅपवर तिची गाडी भलतीकडे, पूर्वेच्या वस्तीत. मला वाटलं वाट चुकली.

आली ती एक छोटा खोका वर धरून. आत कोकरू. एक कान जरा चपटा.

"बाराव्या रस्त्यावरच्या पोलिश दुकानात. तिथली म्हातारी मला देईना. म्हणते, शेवटचं आहे, राखून ठेवलंय. मी म्हटलं, कुणासाठी? म्हणते, कुणी आलं तर. मी म्हटलं, मी आले ना!"

पाकीट काढलं, वीसची नोट.

"नाही. ह्याची टिप नाही. ही फेरी अ‍ॅपची नव्हे, माझी आहे." मग बोट वर करून, "साडेसहा डॉलर मात्र द्या. लोणी फुकट नाही."

सुट्टे साडेसहा मोजून दिले. कोकरू फ्रिजमध्ये वरच्या खणात ठेवलं आणि दिवसभर तीन-चारदा उगाच दार उघडलं.

रविवार, ३१ मार्च

सुरेख दिवस. ऊन. मार्ता कालच आली. चर्चमध्ये काठी टेकत स्वतः चालत गेलो. जेवायला गस आणि दुपारी थोड्या वेळासाठी वर्लीन — मीच बोलावलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. तिच्या चर्चमधून सरळ आली, पिवळा झगा, हातात रताळ्याचा 'पाय' — भाजलेलं गोड पक्वान्न. टोपीशिवाय ओळखलीच नाही क्षणभर.

मार्ताने तिला दारातच घट्ट मिठी मारली. पहिल्यांदा भेटत होत्या दोघी! पण मार्ता तशीच आहे, आईवर गेलीय.

कोकरू कापायला कुणी धजेना. शेवटी गसने कान काढला आणि ब्रेडला फासला. वर्लीन म्हणाली, "चपटाच होता तो." सगळे हसलो. मला वाटतं मी सगळ्यात जास्त.

सॉसेज, उकडलेली अंडी, मुळ्याची चटणी, वर्लीनचं रताळ्याचं पक्वान्न. चार वर्षांनी ह्या टेबलाला चार खुर्च्या लागल्या.

मंगळवार, २ एप्रिल

मार्ताला विमानतळावर सोडलं, गसच्या गाडीतून. उतरताना म्हणाली, "डॅड, ओरडणार नसशील तर एक सांगते. पहिली फेरी झाली तेव्हाच माझ्या खात्यावरून वर्लीनला निरोप धाडला आणि तेव्हापासून तिला वेगळे चाळीस डॉलर पाठवत होते, दर आठवड्याला. दारात पाच मिनिटं थांबून तू धड आहेस ना ते बघायला."

म्हणजे पिशव्या आत आणल्या त्या विकतच्या! खुर्चीत बसणं विकतचं!

मग विचारलं, "अजून पाठवतेस?"

"कुठलं! पंधरवड्यापूर्वी सगळे परत आले. अगदी पहिल्या आठवड्यापासूनचे. खाली एकच ओळ होती — 'तिथे आता माझी मी जाते.'"