मामांच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर

१० सप्टेंबर, बुधवार

चार जीबी रॅम! इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे सर भर वर्गात म्हणाले, "हा लॅपटॉप आहे की पाटी?" सगळे हसले. मावशीनं दिलेला जुना आहे, काय करू.

कॉलेजनं यादीत लिहिलंय तसलं मशीन — सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड — आमच्या अख्ख्या नात्यात एकच आहे. गुरुसिद्धप्पामामांच्या स्टुडिओत. लग्नाचे व्हिडिओ त्यावर बनतात. आईला करमाळ्याला फोन केला. म्हणाली, "चंद्रिका, मामाच्या घरात राहतीस, वर आणि काही मागू नकोस."

सोमवारी पहिलं ड्रॉइंग द्यायचंय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मामा बँकेत गेले होते. बंदेनवाजभाई नमाज पढायला. स्टुडिओतलं एडिटिंग सगळं तेच करतात, माझ्या जन्माआधीपासून. मशीन रिकामं!

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा, सीनियरनं दिलेला पेनड्राइव्ह लावला. विकतचं कोण घेतंय, सगळे असंच टाकतात म्हणे. सीनियरनं बजावलं होतं, "अँटिव्हायरस बंद कर आधी, नाहीतर व्हायचं नाही." केला बंद. आणि उघडलं की! रेघ कशी न अडकता सरकते! अर्धं ड्रॉइंग झालं. कुणी यायच्या आत पेनड्राइव्ह काढून बाहेर.

१३ सप्टेंबर, शनिवार

सगळं गेलं.

एकही फोटो उघडत नाही. फायलींच्या नावापुढं भलतीच अक्षरं. स्क्रीनवर इंग्रजीत धमकी — पैसे पाठवा, नाहीतर विसरा. बॅकअपची हार्डडिस्क त्यालाच लावलेली होती, तीही गेली. उन्हाळ्यातली लग्नं, बारशी, सगळं. मामा खुर्चीत बसले ते बसलेच.

बंदेनवाजभाईंनी मला मागं बोलावलं. हळूच विचारलं, "कल तू बैठी थी क्या इसपे?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

१५ सप्टेंबर, सोमवार

ड्रॉइंग दिलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

निंगव्वाआजी आल्या होत्या, अक्कलकोटकडच्या. मे महिन्यात त्यांच्या नवऱ्याची पंच्याहत्तरी झाली, फोटो मामांनीच काढलेले. आता ते वारले. भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे.

मामा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी सांगितलं, फोटो उडाले. आजींना कळेचना.

"अल्बम नको बाबा मला. नुसतं तोंड काढून दे की. एवढं बी येत न्हाय व्हय मशीनला?"

मामांनी बोट केलं — बंदेनवाजभाईंकडं. "ह्यानं घालवलं."

ते म्हणाले, "सेठ, मी न्हाय..." आजी त्यांच्याकडं बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी मामांनी त्यांना कामावरून काढलं. ते डबा उचलून गेले. मी काचेच्या दाराशीच उभी होते. माझ्याकडं बघितलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजचे मेल आयडी आले. सर म्हणाले, "आता ह्यावरून सॉफ्टवेअर उतरवून घ्या. विद्यार्थ्यांना फुकट असतं." आणि ज्यांच्या मशीनवर चालत नाही त्यांनी लॅबमध्ये बसायचं — "लॅब सहापर्यंत उघडी असते, विचारायचं होतं ना!"

विचारायचं होतं. एवढंच होतं! मी वर्गातून उठले. लॅबचं उघडं दार बघून आले.

२० सप्टेंबर, शनिवार

जेवण जात नाही. मामी म्हणते, अभ्यासाचं टेन्शन घेतीय पोरगी. माझ्यासाठी शिरा केला! खाल्ला. रडत रडत खाल्ला. तिला वाटलं, आईची आठवण आली.

उद्या सांगणार. काय व्हायचं ते होऊ दे. घरातून काढलं तर काढू देत. बंदेनवाजभाई तरी परत येतील.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. मामा पासपोर्टचे फोटो कापत होते. कापतच राहिले.

"ठावं हाय. सीसीटीव्ही हाय की दुकानात. त्याच दिवशी बघितलं."

"मग बंदेनवाजभाईंना..."

"गिऱ्हाइकाला कुणाचं तरी नाव सांगावं लागतं. तू भाची हायस. तुझं सांगू व्हय?"

त्यांनी कात्री ठेवली.

"उद्यापासनं कॉलेज सुटलं की हितं बसायचं. त्याचं काम आता तुलाच बघायचंय. इंजिनेर होणार की तू."