स्वयंपाक कोण करतं?

४ मार्च, मंगळवार
माझ्या इथल्या नागरिकत्वावर मागितलेला नवऱ्याचा व्हिसा नाकारला. व्हिसा ऑफिसातूनच उचलून त्याला स्थानबद्धता केंद्रात नेलं. कारण एका ओळीत — लग्न खरं वाटत नाही.

६ मार्च
वकीलबाईंनी मुलाखतीची नोंद मिळवली. आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं होतं, घरी स्वयंपाक कोण करतं? मी म्हटलं, तो. त्यानं सांगितलं, ती. मी लाँड्रीत रात्रपाळीला. माझा डबासुद्धा तोच भरतो.
नणंद हसायलाच लागली. ‘वहिनी, दादा आईला फोनवर कायम हेच सांगतो. सवयीनं गेलं असेल तोंडातून.’
सासूबाईंसाठी राखलेलं खोटं — सरकारला देऊन आला!

९ मार्च, रविवार
भेट. मध्ये काच. ‘माझी अब्रू राखायला गेलास?’ ‘राहिली ना?’ म्हणाला. मला हसू आलं नाही. खंगलाय.

२ एप्रिल
कोर्ट. लग्नाचे फोटो, घराचा करार, सगळं पिशवीत घालून नेलं. पिशवी उघडलीच नाही. न्यायाधीश म्हणाले, लग्न खरं की खोटं हे आम्ही ठरवत नाही. निर्णय रीतसर झाला का, एवढंच पाहतो. उत्तरांतली तफावत दाखवून खुलासा मागितला होता का? सरकारी वकील कागद चाळत राहिले. नव्हता मागितला.
निर्णय रद्द.
बाहेर नणंदेनं मिठी मारली. वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या, ‘आता तेच ऑफिस नव्यानं ठरवणार. तोवर ते आतच.’
मग जिंकलं कोण?

११ एप्रिल
त्याची पुन्हा मुलाखत. या वेळी खरं सांगितलं. ‘आधी वेगळं म्हणाला होतात,’ अधिकारी म्हणाला. मग आईचं सांगितलं. अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे टिपून घेतलं म्हणे.

१७ एप्रिल
नकार. या वेळी लांबलचक. खुलासा मागितला, ऐकला, पटला नाही. उत्तर पढवलेलं वाटतं, असा शेरा.
‘कोर्टाला बोट ठेवायला जागाच ठेवली नाही,’ वकीलबाई म्हणाल्या.
नकार नीट कसा लिहायचा, हे आम्हीच त्यांना कोर्टात जाऊन शिकवलं.

२२ एप्रिल
लाँड्रीत राजीनामा दिला. शनिवारी त्याला कुठल्या विमानानं परत पाठवणार, ते वकीलबाईंकडून कळलं. त्यात माझी जागा पक्की केली. त्याला अजून सांगितलेलं नाही.